एडना हार्टलीचे कान

एडना हार्टलीला ऐकू येत नाही, असं मला या फेब्रुवारीआधी कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. गल्लीच्या त्या टोकाला दोन बायका कुजबुजत असल्या तरी एडनाला इकडे आपल्या दारात उभं राहून सगळं कळायचं. मयतीच्या वेळी पाद्रीबाबा विधवेच्या कानाशी लागून काय बोलले, हे ती घरी येऊन मला जसंच्या तसं सांगायची. मी म्हणायचे, "कान आहेत की काय आहेत गं तुला!" ती म्हणायची, "कानांनी कोण ऐकतंय?" मला वाटायचं, चेष्टा करतेय.

तशी मी या बाबतीत अगदीच अडाणी नाही. इथल्या सरकारी दवाखान्यात मी वीस वर्षं नर्स होते आणि मंगळवारी नि शुक्रवारी लोकांचे कान धुणं हे माझं काम होतं. कोमट पाणी, पिचकारी, हनुवटीखाली धरायला वाकडी वाटी. दहा मिनिटांत माणूस उठायचा आणि म्हणायचा, "अगं बाई, हे घड्याळ एवढं वाजतं?" निवृत्त झाले तेव्हा पोरींनी माझी जुनी स्टीलची पिचकारी लाकडी पाटीवर ठोकून मला भेट दिली. खाली पितळेची पट्टी: 'ॲव्हरिल, गावाचे कान उघडणारी'. अजून ती आमच्या घरातल्या बोळात कोटांच्या खुंट्यांशेजारी टांगलेली आहे. मी गेले आणि दोन वर्षांत दवाखान्याने कान धुणंच बंद केलं. ते काम आता त्यांच्याकडे येत नाही म्हणे. मग कोणाकडे येतं, हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

असो. एडनाबद्दल सांगत होते.

ती पंधराव्या वर्षी ब्रायरफील्डच्या गिरणीत लागली. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, तिच्याकडे सहा साचे. तिथे आवाज एवढा, की शेजारी तोफ उडवली तरी कळू नये. म्हणून बायका आवाजच काढायच्या नाहीत. नुसते ओठ हलवायच्या, मोठमोठे, भुवया आणि गालही कामाला लावून. नवऱ्याचं, सासूचं, पाळी चुकल्याचं, सगळं बोलणं साच्यांच्या ओळीपलीकडून असं बिनआवाजाचं व्हायचं. माझी आई त्याच खात्यात होती, म्हणून मलाही थोडंफार वाचता येतं. आणि खरं सांगायचं तर त्या खात्यातली प्रत्येक बाई चाळिशीपर्यंत अर्धी बहिरी झालेली असायची, आणि एकीनेही ते कधी कबूल केलं नाही. ओठ वाचता येत असताना कबूल करायचं कशाला?

तिचा नवरा विल्फ त्या वेळी बर्नलीच्या बसवर कंडक्टर होता. पुढे ड्रायव्हर झाला, पण त्याचा खरा जीव कंडक्टरीत. आवाज असा खणखणीत, की वरच्या मजल्यावर डुलक्या काढणारे म्हातारे दचकून उठायचे. एडना शनिवारी संध्याकाळी नाचाला जायला ब्रायरफील्डलाच त्याच्या बसमध्ये चढायची. लग्नाचं विचारलं तेव्हा तिने एकच अट घातली: मिशी काढायची. "मिशीतून काय बोलतोस ते दिसत नाही," म्हणाली. तो हसत हसत न्हाव्याकडे गेला. साठ वर्षांत पुन्हा ठेवली नाही. घरात बोलायचा तो, बघायची ती, आणि आम्ही शेजारीपाजारी समजायचो की ती ऐकतेय.

फेब्रुवारीत विल्फला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि तो खणखणीत आवाज गेला. राहिला तो एक घोगरा, पडका आवाज, उशीशी बोलल्यासारखा. मार्चमध्ये त्याला घरी आणलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला. सकाळ-संध्याकाळ मदतनीस बाई येऊन त्याला उठवायची, धुवायची. आठवड्यातून एकदा बोलणं शिकवणारी एक तरुण मुलगी यायची, सलमा नावाची. भारी गोड पोरगी.

आणि मग सगळं उघड झालं. एडनाने साठ वर्षं जे तोंड वाचलं होतं ते तोंड आता राहिलंच नव्हतं. ओठांची एक बाजू हलायची, दुसरी लटकायची. तिला काही म्हणजे काही कळेना. आता कानांशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि कानांत डोकावून पाहावं तर माझ्या जुन्या टॉर्चच्या उजेडात दोन्हीकडे मळाचं काळंकुट्ट बूच.

"किती दिवसांपासून गं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. नाताळच्या आधीपासून असेल. रेडिओ बंद पडला असं वाटलं होतं मला. बदलून नवा आणला."

सलमाने मला दारात बाजूला घेऊन सांगितलं, "ॲव्हरिल, तो अजून प्रयत्न करतोय. पण दिवसातून वीस वेळा बोलायचं आणि समोरच्याने नुसतं बघत राहायचं, असं चाललं तर तो सोडून देईल. अशी माणसं सोडून देतात. मग आवाज परत येणं अवघड असतं." म्हणजे काय ते मला कळलं. एडनाचे कान आत्ता उघडायला हवे होते, उन्हाळ्यानंतर नव्हे.

मी दवाखान्यात फोन लावला. सकाळी आठ वाजता फोन घ्यायला लागतात, आठ वाजून चार मिनिटांनी त्या दिवशीच्या सगळ्या वेळा संपतात. तीन दिवस लावत होते. चौथ्या दिवशी लागला.

"आम्ही आता कान करत नाही," काउंटरवरची बाई म्हणाली.

"मला माहीत आहे गं बाई. करत होता तेव्हा मीच करत होते."

"मग तुम्हाला माहीतच आहे."

अशी तिडीक आली! पण डोकं थंड ठेवलं. इस्पितळाच्या कानाच्या विभागात विचारलं, तर ते म्हणे आधी मळ काढून या, मग आम्ही तपासू. मळ कोण काढणार? तुमचा दवाखाना. पुन्हा दवाखाना. शेवटी तिथल्या मॅनेजरबाई माझ्या वेळच्या निघाल्या. त्या म्हणाल्या, एक अपवाद आहे. घरात आजारी माणसाला सांभाळणारं माणूस असेल, आणि त्यालाच ऐकू येत नसेल, तर नर्स घरी येऊन पाहील आणि तसं लिहून देईल. मग वरून मंजुरी येते. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

नर्स आली एका गुरुवारी. नवीन, नीटनेटकी, मांडीवर टॅब्लेट. एडनासमोर खुर्ची ओढून बसली, खिडकीचा उजेड थेट तोंडावर. मी मनात म्हटलं, अगं पाठ फिरव, पाठ फिरव, पण बोलले नाही, कारण मला वाटलं की एडनाला कळतंय हे सगळं कशासाठी चाललंय.

"मिसेस हार्टली, मी बोलतेय ते ऐकू येतंय ना?"

"स्पष्ट."

"फोनवर?"

"फोनवर मी फार बोलत नाही. खर्च कशाला?"

नर्स हसली. "यजमानांनी हाक मारली तर कळतं?"

"साठ वर्षं हाका मारतोय तो," एडना म्हणाली, "न कळून सांगते कोणाला?"

आणि ती पोरगी खूण करत गेली. ऐकण्यात अडचण नाही. मी मध्ये पडले, म्हटलं, "ओठ वाचतेय ती, कानात दगड आहेत दगड!" नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हणजे गल्लीतली एक भोचक म्हातारी. मग तिने मान खाली न घालता, तोंड एडनासमोरच ठेवून, तिला आणखी एक प्रश्न विचारला आणि एडनाने त्याचंही झकास उत्तर दिलं. झालं. कागद तसाच वर गेला, मंजुरी बुडाली.

ती गेल्यावर मी एडनाला धरलं. "असं का केलंस? का?"

"सवयीने गेलं गं तोंडातून," ती म्हणाली.

"सवयीने!"

"तू त्या खात्यात नव्हतीस पोरी. 'ऐकू येत नाही' म्हटलं की सहाचे चार साचे करायचे, पगारही तेवढा कमी. आम्ही मेलं तरी म्हणत नव्हतो."

मी कपबश्या धुवायला घेतल्या.

मग तेलाचे दिवस आले. ऑलिव्हचं तेल, दिवसातून दोनदा, कुशीवर पडून. मी पंधरा दिवस घातलं. मळ फुगला आणि जे थोडंफार ऐकू येत होतं तेही गेलं. हे होतं असं, मला माहीत होतं, रुग्णांना मी स्वतः सांगायचे, पण तेव्हा पुढे मंगळवार असायचा नि पिचकारी असायची. आता पुढे काहीच नव्हतं.

एडना एके दिवशी आमच्या बोळात कोट अडकवायला थांबली आणि पाटीकडे बघत राहिली.

"ती अजून चालते का?"

"नाही."

"खोटं बोलतेस. स्टीलला काय होतंय?"

"एडना, मी करणार नाही. पडदा फाटला तर? माझं लायसन संपलंय. विमा नाही, काही नाही."

"मी कुठे कोणाला सांगायला जातेय?"

मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा सांगितलं. एका लॉरीवाल्याचा पडदा माझ्या हातून फाटला होता, याच पिचकारीने, सगळं नियमाप्रमाणे करूनही. महिनाभर तो भिंत धरून चालत होता. त्याने तक्रारसुद्धा केली नाही, मला ख्रिसमसला कार्ड पाठवलं. त्यानंतर दवाखान्यात यंत्र आलं आणि स्टीलची पिचकारी कपाटात गेली. एडनाने माझे ओठ नीट पाहिले, सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं, आणि कोट घालून गेली. खरं सांगते, मला अजून ठरवता येत नाही की मी शहाणपणा केला की भित्रेपणा.

मुख्य रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात हल्ली कान साफ करून देतात. पैसे भरून. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "का म्हणून?"

"ऐकू येण्यासाठी, आणखी कशासाठी!"

"पंधराव्या वर्षापासून दर आठवड्याला पगारातून माझा सरकारी विम्याचा स्टॅम्प कापला गेलाय, ॲव्हरिल. गिरणीत, मग शाळेत जेवण वाढायचे तेव्हा. विल्फचाही. आजारी पडलो तर सरकार बघेल म्हणून. एक दिवस चुकवला नाही. आणि आता कान बघायला चष्मेवाल्याकडे जाऊ?"

"पैसे मी देते."

हे मी बोलायला नको होतं. ती उठली, माझा कप उचलून मोरीत ठेवला. आमच्याकडे कप उचलला म्हणजे निघ. आठ दिवस अबोला. माझीही मान ताठ, मीही गेले नाही. त्या आठ दिवसांची मला आज लाज वाटते.

कारण आठव्या दिवशी, सोमवारी सकाळी, विल्फ पलंगावरून घसरला. पलंग आणि खुर्चीच्या मधे अडकला. एडना स्वयंपाकघरात होती, दाराकडे पाठ, लापशी ढवळत. दोन खोल्यांच्या मधे दहा पावलंही नाहीत. मदतनीस बाई साडेआठला आली तेव्हा तो चाळीस मिनिटं तिथे पडून होता. बाईंना तो रस्त्यावरून, बंद खिडकीतून ऐकू आला, हाका मारताना. "एडना" म्हणत होता. तोंड वाकडं असलं तरी तेवढा शब्द त्याला नीट यायचा.

हाड मोडलं नाही, नुसतं काळंनिळं झालं. मी धावत गेले तेव्हा एडना जिन्याच्या पायरीवर बसली होती. लापशी करपल्याचा वास घरभर.

"तो हाका मारत होता म्हणे," ती म्हणाली. "बाई सांगतात."

मी मान हलवली.

"आणि मी गाणं म्हणत होते गं. लापशी ढवळताना." मग ती रडली, अगदी आवाज न करता. त्या बायकांना रडायचीही तीच सवय.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कोट घालून माझ्या दारात उभी राहिली. "चल चष्मेवाल्याकडे. आणि पैशाचं बोलशील तर बघ."

पण पहिली रिकामी वेळ अडीच आठवड्यांनी होती. तिथेही रांगच. आमच्यासारख्या किती जणी बसलेल्या, कुणी मुलीबरोबर, कुणी शेजारणीबरोबर, सगळ्यांचे एकमेकींशी ओरडून संवाद चाललेले. शेवटी आत गेलो. चोविशीतला एक मुलगा, डोक्याला दिवा, हातात बारीक नळी. माझ्यासारखं पाणीबिणी काही नाही, नुसतं ओढून घेतो. उजवा कान चार मिनिटं, डावा सहा. निघालेला मळ त्याने एका कागदावर दाखवला. एडना म्हणाली, "एवढ्यासाठी?"

बाहेर आलो तर ती फुटपाथवर थबकली. स्वतःच्या कोटाची बाही दुसऱ्या बाहीवर घासून पाहिली. पुन्हा घासली. "ही बस एवढी केकाटते?" म्हणाली. घराजवळ आलो तशी पावलं भराभर टाकायला लागली, ब्याऐंशीची बाई, मला दम लागला.

पुढच्या खोलीत जाऊन कोटासकट त्याच्या समोर बसली. "विल्फ, बोल. उघडले कान. काहीही बोल."

विल्फने तिच्याकडे पाहिलं. अर्धं तोंड हसलं. आणि मग त्याने आवाज न काढता ओठ हलवले. सावकाश, मोठे, भुवया वर करून, चांगली बाजू वाईट बाजूला ओढत नेत. चहा करतेस का, असं विचारत होता. मला दारातून वाचता आलं.

सलमा मला म्हणाली होती की पडल्यापासून विल्फ रोज आरसा मागून घेतो, तासतासभर समोर धरून बसतो. मला वाटलं होतं, आवाजाचा व्यायाम करत असेल. तो गिरणीतली बोली शिकत होता. या तीन आठवड्यांत, ऐंशी उलटल्यावर, अर्ध्या तोंडाने. हाक मारून ती येत नाही, हे त्याला कळलं होतं, आणि कशाने येते हेही माहीत होतं.

"नाही रे," एडना म्हणाली. "आवाज काढ. मला येतंय ऐकू. बघ, घड्याळ वाजतंय. बाहेर कोणी दार लावलं. सगळं येतंय."

त्याने प्रयत्न केला. घशातून एक खरखर निघाली, शब्द नाही. त्याचा चेहरा लाल झाला. ज्याने अख्ख्या बसला हाका मारल्या त्याला ती खरखर ऐकवायची लाज वाटली असावी. त्याने तोंड मिटलं, मग पुन्हा ओठ हलवले. चहा.

एडनाने चहा केला. काय करणार?

सलमा म्हणते, बघू या. सवय सुटलीय, घशाची ताकद गेलीय, कदाचित येईल परत, कदाचित नाही. महिनाभर आधी कान उघडले असते तर? असं मी विचारलं. ती चांगली पोरगी, तिने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून दोघं समोरासमोर बसून ओठांनी बोलतात. खोलीत एक आवाज नाही. एडनाला भिंतीपलीकडे आमच्या घरात किटली शिट्टी मारते तेसुद्धा ऐकू येतं, विल्फ सोडून सगळं ऐकू येतं. आणि मी? दहा मिनिटांचं काम होतं. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाच्या नावाने शंख करायचा तेही समजत नाही, म्हणून घरी येऊन त्या पाटीच्या नावाने करते.

परवाच्या रविवारी दुपारी भट्टीतला बटाट्याचा पाई घेऊन त्यांच्याकडे गेले. मागचं दार उघडंच असतं. पुढच्या खोलीत विल्फ जेवून पलंगावर पेंगत होता, डोळे मिटलेले, मान एका बाजूला. एडना खुर्ची अगदी पलंगाला लावून बसली होती. तिने विणकाम खाली ठेवलं होतं आणि कान त्याच्याकडे वळवला होता, पाठ खिडकीकडे, त्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हती.

"अगं, गरम आहे तोवर—" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे न बघता हात वर केला.

तेव्हा मला ऐकू आलं. झोपेत विल्फ बोलत होता. बारीक, पडका, पण आवाज होता. शब्द पुसट येत होते, मधे बराच वेळ जात होता. पुढे सरका. वरती जागा आहे. तिकीट.

मी बशी हातात धरून उभी राहिले. थोड्या वेळाने तो पुन्हा काहीतरी म्हणाला, एकच शब्द, इतरांपेक्षा जरा मोठ्याने. मला नीट कळला नाही.

"काय म्हणाला?" मी हळूच विचारलं.

"गप," एडना म्हणाली. "ब्रायरफील्ड आलं."